सीटखाली

शोरूमवाल्यानं कागद दिला, गुळगुळीत.
वरच्या कोपऱ्यात एक हसरं कुटुंब, त्यांची पांढरी गाडी,
तळाला नऊ हजार सहाशे चाळीस.
मी विचारलं, यातलं काय नाही केलं तर चालेल?
तो म्हणाला, मॅडम, हे पॅकेज आहे.

तिसरं रेल्वे गेट बंद.
मालगाडी सरकेस्तोवर मी हिशेब घातला:
एका साडीमागं ऐंशी सुटतात,
म्हणजे एकशेवीस साड्या, आणि वर अर्धी.
अर्धी साडी कोण घेतं?

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागं, जांभळाखाली
दस्तगीरचं गॅरेज. पाटी नाही.
एक टायर टांगलेला, त्यावर चुन्यानं लिहिलंय : चालू.

‘आवाज कसला अक्का?’
तवंदी घाटात, तिसऱ्यावर टाकली की येतो.
कुणी सुपात काहीतरी पाखडावं, तसा.
तो हसला नाही. डॉक्टर हसत नाहीत तसा
मान तिरकी करून उभा राहिला.

ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं.
सतरा वर्षं मी पेटत्या चुलीवर बसून
वडगावच्या साड्या विकल्या,
निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, परत निपाणी.
उन्हाळ्यात मांड्या भाजायच्या,
श्रावणात ऊब यायची, तेवढंच.

त्यानं सीट उचलली.
आत गवत. आत अंजिरी, मोरपंखी धागे,
माझ्याच गठ्ठ्यांतून ओढलेले,
गोल वळून, आत बोट घातलं तर मऊ.
आणि शेंगा.
एक मूठ, दोन मुठी. मल्लेशी मोजत होता,
ओंदु, एरडु, मूरु,
पाचव्या मुठीला सगळेच थांबले.

कोण कुठला उंदीर,
घाट कितीदा चढला असेल, बिनतिकिटाचा,
दोन राज्यांत, एकाही नाक्यावर न थांबता.

दस्तगीरनं एक शेंग फोडली, हुंगली.
‘भाजल्यात की वो.’
मी नको म्हटलं. मल्लेशीनं दोन खाल्ल्या.

मग खरं काम.
प्लग काढून पॉलिश पेपरनं घासले.
फिल्टर मात्र नवा, तो उंदरानं कुरतडलेला.
ब्रेकचे लायनर त्यानं उजेडात धरले,
आणि मला नाही, लायनरलाच म्हणाला,
‘इन्नू ओंद वर्ष ओडतैति.’
गाडीशी तो कन्नडात बोलतो, माझ्याशी मराठीत,
मल्लेशीला ज्या भाषेत बोलतो
ती कुठल्याच शाळेत शिकवत नसावेत.

ऑइलचा डबा मी किल्ल्याजवळच्या दुकानातनं आणलेला,
तिथं चाळीस कमी पडतात.
ओतायला नाळकं सापडेना.
मी पर्समधून गुळगुळीत कागद दिला,
त्यानं तो वळून नळी केली,
आणि पांढऱ्या गाडीच्या, हसऱ्या लोकांच्या आतून
काळंभोर न झालेलं, मधासारखं ऑइल
गुपचूप खाली गेलं.

बिल विडीच्या पुड्याच्या पाठीवर:
फिल्टर एकशे चाळीस. मजुरी तीनशे.
मी गाडीतून सुताच्या गुंत्याचं पोतं काढलं,
मागाखाली झाडलेलं, साडीत न गेलेलं.
हात पुसायला त्याला तेच लागतं.
त्यानं मजुरीवर रेघ मारली, दोनशे लिहिले.
पोतं उघडून हात पुसले
तेव्हा ग्रीसमध्ये अडकून राहिला एक जांभळा धागा,
त्याच्या अंगठीसारखा. दोघांनीही काढला नाही.

‘घरटं?’ मल्लेशीनं विचारलं.
‘फेक. नको, ऱ्हाऊ दे तिथं. झाडाखाली ठेव.’

बाजाराच्या दिवशी घाट चढले. तिसऱ्यावर टाकली.
सूप थांबलेलं.
खिडकी उघडी ठेवली, ऐकत राहिले,
बरं वाटलं, थोडं रिकामंही.

मग, त्या आवाजामागं इतके दिवस दडलेला
दुसरा एक ऐकू आला, बारीक,
उजवीकडनं, पुढच्या चाकातनं, दळण संपत आल्यावर
जातं फिरावं तसा.
याचं नाव मला येतं. बेअरिंग.
सहाशे.
साडेसात साड्या.
आठ धरू.